विहीर बिघडली? आधी अहवाल, मग औषध

विहिरीच्या पाण्याला कुबट वास येतो आहे. किंवा बोअर सुरू केला की पहिल्या बादलीवर तेलाचा तवंग दिसतो. किंवा गाळप हंगाम लागला आणि पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस झाले. अशा वेळी शेजारी सांगतो, ‘टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका.’ चार दिवसांनी कोणीतरी दोन कॅन घेऊन दारात उभा राहतो. एकात ‘केमिकल’, दुसऱ्यात ‘बॅक्टेरिया’, दोन्ही मिळून ‘पॅकेज’.

दोन्ही उपाय खरे आहेत. रासायनिक ऑक्सिडीकरणाने विषारी द्रव्य जाळता येते आणि उरलेले जिवाणूंना खाऊ घालता येते. जगभर भूजल असे स्वच्छ करतात. पण हा उपाय प्रत्येक दुखण्याचा नाही, आणि अनेकदा त्याचा खर्च तुम्ही करायचाही नसतो. पाकीट उघडण्याआधी पुढचे वाचा.

दुखणे कोणते ते आधी ठरवा

धाराशिव जिल्ह्यात चार प्रकार नेहमी दिसतात.

जंतू: शौचालयाचा शोषखड्डा, गोठा, उघडे तोंड किंवा पावसाचे वाहून आलेले पाणी. पाणी दिसायला स्वच्छ असते, पोट मात्र बिघडते. इलाज स्वस्त आहे आणि घरीच होतो.

नायट्रेट, फ्लोराइड, क्षार, जडपणा: खत, शेणखळी किंवा खडकातले मूळचे क्षार. यावर ‘केमिकल’ चालत नाही. नायट्रेट आधीच पूर्ण ऑक्सिडीकरण झालेला पदार्थ आहे. त्यावर आणखी ऑक्सिडीकारक ओतणे म्हणजे राख पुन्हा जाळणे. पाणी उकळूही नका. पाणी आटते, नायट्रेट तेवढेच राहते, म्हणजे प्रमाण वाढते.

तेल: पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी, गॅरेज, उलटलेला टँकर. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग ते उमरगा आणि सोलापूर–धुळे रस्त्यावर तुळजापूर, धाराशिव, येरमाळा या पट्ट्यात विहीर पंपाला लागून असेल तर हा संशय आधी घ्या. ऑक्सिडीकरण आणि जिवाणू ही जोडी खऱ्या अर्थाने इथे कामाची आहे.

मळीमिश्रित पाणी: तेरणा आणि मांजरा काठचा ऊसपट्टा. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश (मळीचे सांडपाणी) निघतो. त्यातला सेंद्रिय भार जिवाणू खाऊ शकतात, पण पोटॅश आणि बाकीचे क्षार कोणीच खात नाही. ‘बॅक्टेरिया टाकून पाणी गोड करतो’ असे कोणी म्हणाला तर अर्धेच खरे समजा.

तपासणी: कुठे, किती, कशी

पहिली पायरी ग्रामपंचायत. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण द्यायचे आहे. ‘संच कुठे आहे?’ असे ग्रामसेवकांना विचारा. जंतूंसाठी एच२एस बाटली मागा. खुणेपर्यंत पाणी भरा, बूच लावा, उबदार जागी ठेवा. २४ ते ४८ तासांत पाणी काळे पडले तर ते पिऊ नका. बाटली न काळवंडणे म्हणजे ‘सगळे ठीक’ असेही नाही. ती तेल, नायट्रेट, क्षार ओळखत नाही.

दुसरी पायरी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची धाराशिवची जिल्हा प्रयोगशाळा. तुमच्या तालुक्याला जवळची उपविभागीय प्रयोगशाळा असेल तर तिचा पत्ता पंचायत समितीच्या पाणीपुरवठा विभागात मिळेल. जल जीवन मिशनच्या प्रयोगशाळा खासगी नमुन्यांनाही खुल्या आहेत. २०२१ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या चौकटीत एका घटकाला ५० रुपयांपासून आणि १६ घटकांच्या पूर्ण संचाला ६०० रुपये असा दर होता. आजचा स्थानिक दर फलकावर पाहा, पावती घ्या. पावतीवर नमुना क्रमांक हवाच.

तिसरी पायरी फक्त तेलाचा किंवा रसायनाचा संशय असेल तर. सरकारी १६ घटकांत बेंझीन, टोल्युइन, पेट्रोलियम हायड्रोकार्बन येत नाहीत. त्यासाठी एनएबीएल मान्यतेची खासगी प्रयोगशाळा लागते आणि खर्च काही हजारांत जातो. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘ही विशिष्ट चाचणी तुमच्या मान्यतेच्या यादीत आहे का?’ मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते, चाचणीनिहाय असते.

नमुना नीट घेतला नाही तर सगळा खर्च वाया. बोअर आधी दहा-पंधरा मिनिटे चालवा. रासायनिक चाचणीला एक-दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. जंतूंच्या चाचणीला प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरा, ती बर्फात ठेवा आणि २४ तासांच्या आत पोचवा. तेलासाठी काचेचीच बाटली घ्या आणि आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. प्लास्टिक तेल शोषते आणि अहवाल खोटा चांगला येतो. बाटलीवर गाव, गट क्रमांक, विहीर की बोअर, खोली, तारीख, वेळ लिहा.

अहवाल हातात आला की भारतीय मानक १०५०० शी ताडून पाहा. नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत, त्यात सवलत नाही. फ्लोराइड १ पर्यंत, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत. एकूण विरघळलेले क्षार ५०० पर्यंत, नाइलाज असेल तर २,०००. ई. कोलाय शून्य.

फक्त जंतू असतील तर: स्वतः करा

खर्च काही शे रुपये, वेळ दोन दिवस.

आधी पाणी मोजा. गोल विहिरीचा व्यास फुटांत × व्यास × पाण्याची खोली × ०.७८५ केले की घनफूट मिळतात. त्याला २८.३ ने गुणले की लिटर. सोळा फुटी विहिरीत दहा फूट पाणी असेल तर सुमारे ५७ हजार लिटर भरतात. साडेसहा इंची बोअरचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: पाण्याच्या दर फुटाला साधारण साडेसहा लिटर.

नेहमीची मात्रा हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल. म्हणजे वरच्या विहिरीला दररोज पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम. पूर आला, विहिरीत जनावर पडले किंवा अहवाल वाईट आला तर एकदाच जबर मात्रा द्यायची: लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन. ताजी, ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर असेल तर या विहिरीला साधारण ९ किलो. पोते जुने होऊन २५ टक्क्यांवर आले असेल तर साडेअकरा. २०० फूट पाणी असलेल्या बोअरला २०० ग्रॅम पुरते. किरकोळ भाव किलोला साधारण तीस ते साठ रुपये धरा. पोत्यावरची तारीख आणि टक्केवारी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचे निवळ पाणी ओता. एक दिवस पाणी वापरू नका आणि त्या दिवशी विहिरीत उतरू नका. मग उपसा करून पाणी पडीक जागेवर सोडा, पिकात किंवा ओढ्यात नको. आठ दिवसांनी पुन्हा एच२एस बाटली लावा. ती पुन्हा काळी पडली तर दोष पावडरीचा नाही. शोषखड्डा कुठे आहे ते पाहा.

दोन इशारे. तांबूस, मळकट पाण्यात टीसीएल टाकू नका. सेंद्रिय द्रव्य आणि क्लोरीन मिळून नवी घातक संयुगे तयार होतात. आणि कोरडी टीसीएल डिझेल, तेल किंवा ॲसिडजवळ ठेवू नका. आग लागते किंवा विषारी वायू सुटतो.

तेल असेल तर: जोडउपाय आणि त्याचे बिल

आधी सुरक्षा. पेट्रोलचा वास येणाऱ्या विहिरीत कोणालाही उतरवू नका. जवळ बिडी नको, मोटारीचे बटण नको. पंपमालक, तहसीलदार आणि अग्निशमन दल यांना एकाच दिवशी कळवा.

आता काम कसे चालते ते थोडक्यात. पाण्यावर तरंगणारे तेल आधी उपसून काढायचे. मग जिथे विष सर्वात दाट आहे त्या गाभ्यात ऑक्सिडीकारक सोडायचा: हायड्रोजन पेरॉक्साइड लोहासह, किंवा सोडियम परसल्फेट. तो खर्ची पडला की कडेच्या विरळ पट्ट्यात जिवाणूंना हवा, नत्र आणि स्फुरद द्यायचे. बहुतेक वेळा जमिनीतले स्थानिक जिवाणूच पुरतात. आपल्याकडचे कोमट भूजल त्यांना मानवते.

दोन्ही का लागतात? हिशेब पाहा. शंभर लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ७४ किलो. ते पूर्ण जाळायला कागदावरच्या हिशेबाने ५० टक्के तीव्रतेचे पेरॉक्साइड टनभर लागते. प्रत्यक्षात त्याच्या कित्येक पट, कारण माती, लोह, कुजलेला पाला सगळेच ते खातात. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर एका पेल्यात विहिरीचे गढूळ पाणी घ्या आणि पोटॅशियम परमँगनेटचे दोन कण टाका. जांभळा रंग चढतो, मग विटकरी होतो, शेवटी तळाशी तपकिरी गाळ बसतो. जमिनीखाली तुमचा पैसाही असाच बसतो. म्हणून रसायन फक्त गाभ्याला वापरायचे आणि उरलेले काम हवेवर जगणाऱ्या जिवाणूंना द्यायचे. तेच स्वस्त पडते.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. खाली काळा बसाल्ट. पाणी मुरुमात आणि खडकाच्या भेगांत असते, वाळूसारखे सगळीकडे पसरलेले नसते. रसायन भेग सापडेल तिकडे पळते. शेजारच्या बोअरमध्ये निघेल आणि विष मात्र कोपऱ्यात तसेच राहील. लोहासह पेरॉक्साइडला आम्लधर्मी पाणी लागते. आपले पाणी जड आणि अल्कधर्मी. त्यामुळे सोलापूर किंवा पुण्याच्या ठेकेदाराने दुसऱ्या जागेचे कोटेशन तुमच्या नावाने छापून दिले तर ते परत करा. तुमच्या विहिरीचे पाणी आणि तुमच्या जागेचा मुरुम घेऊन केलेली प्रयोगशाळेतली छोटी चाचणी मागा.

बिलात ही कलमे असतात: जागेची पाहणी आणि निरीक्षण बोअर, आधीची तपासणी, छोटी चाचणी, रसायन आणि ते सोडण्याचे काम, जिवाणूंचे खाद्य आणि हवा, दर तीन महिन्यांची तपासणी. एकूण आकडा लाखांच्या घरात जातो आणि वेळ महिन्यांत नाही, वर्षात मोजावा लागतो. एका घराच्या पिण्याच्या पाण्यासाठी हा खर्च परवडणारा नाही. हे काम तेल सांडणाऱ्याने करायचे.

बिलात न दिसणारा खर्च

रसायन मागे काय ठेवून जाते ते विचारा. परमँगनेटनंतर मँगनीज राहते. मानकात मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, फार तर ०.३. परसल्फेटनंतर सल्फेट राहते. मर्यादा २००, फार तर ४००. खडकातले निरुपद्रवी क्रोमियम ऑक्सिडीकरणाने घातक रूपात जाऊ शकते. एकूण क्रोमियमची मर्यादा ०.०५. म्हणून नंतरच्या अहवालात तेलासोबत हे तीन घटकही हवेत. ते ‘जादा’ नाहीत, सुरुवातीच्या दरातच धरून घ्या.

दुसरा छुपा खर्च म्हणजे प्रदूषण परत उसळण्याचा. रसायन दिल्यावर महिनाभर पाणी छान दिसते. पाऊस पडतो, पातळी चढते, वरच्या मुरुमात अडकलेले तेल पुन्हा विरघळते आणि आकडा परत वर जातो. ठेकेदार म्हणतो, ‘दुसरी फेरी लागेल.’ त्या फेरीचा दर पहिल्याच करारात लिहून घ्या.

तिसरा खर्च क्रम चुकल्याचा. रसायन शिल्लक असताना जिवाणू टाकले तर ते मरतात. एकाच दिवशी दोन्ही कॅन ओतणारा माणूस दुसऱ्या कॅनचे पैसे तुमच्याकडून फुकटच घेतो आहे. ‘मधे किती दिवस थांबणार आणि रसायन संपले हे कसे मोजणार?’ हा प्रश्न विचारा. उत्तर आले नाही तर व्यवहार तिथेच थांबवा.

चौथा म्हणजे उपसलेल्या पाण्याची विल्हेवाट, जीएसटी, जनरेटर, टँकर. ‘सर्व करांसह’ हे शब्द कोटेशनवर हवेत.

आणि ‘मुंबईच्या समुद्रात वापरलेले बॅक्टेरिया’ या जाहिरातीला भुलू नका. २०१० मध्ये चित्रा आणि खलिजिया या जहाजांच्या टकरीनंतर तेल किनाऱ्याला लागले, तेव्हा टेरी संस्थेचे ऑइलझॅपर हे जिवाणूंचे मिश्रण वापरले गेले. पण ते काम उघड्या किनाऱ्यावरचे होते. तुमचे तेल शंभर फुटांवरच्या भेगेत आहे.

पैसे कोणी भरायचे

कारखान्याचे पाणी किंवा पंपाचे तेल तुमच्या विहिरीत आले असेल तर सफाईचे बिल तुमचे नाही. जल प्रदूषण अधिनियम १९७४ च्या कलम २४ ने विहिरीत दूषित द्रव्य सोडायला बंदी आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची आणि सफाईचा खर्च जबाबदार व्यक्तीकडून वसूल करायचा, हा त्यांचा गाभा.

तक्रार कुठे? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लातूर येथील उपप्रादेशिक कार्यालयात लेखी द्या. प्रत जिल्हाधिकारी आणि ग्रामपंचायतीला. तक्रारीत एक वाक्य नक्की लिहा: ‘कलम २१ प्रमाणे नमुना घ्यावा.’ तुमच्या बाटलीचा अहवाल सुरुवातीला उपयोगी पडतो. पुढे वजन असते ते अधिकाऱ्याने रीतसर घेतलेल्या नमुन्याला. नमुना गाळप सुरू असतानाच घ्यायला लावा. हंगाम संपल्यावर सगळेच नाले स्वच्छ दिसतात.

दोन आठवड्यांत हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. अर्ज १० रुपये, प्रत पानाला २ रुपये. तुमच्या तक्रारीवरची पाहणी, नमुन्याचा अहवाल आणि कारखान्याचे संमतीपत्र मागा. जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो.

नुकसानभरपाईसाठी राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. भरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये. भरपाई मागायची असेल तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, किमान १,०००. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ. वकील सक्तीचा नाही. भरपाईच्या दाव्याला पाच वर्षांची मुदत, पण इतर आदेश हवे असतील तर सहाच महिने. म्हणून पहिल्या दिवसाची तारीख जपा. आणि आकडा फुगवू नका: दहा लाख मागाल तर दहा हजार रुपये शुल्क आधी भराल.

कागदपत्रे एका पिशवीत

सातबारा, त्यावर विहिरीची किंवा बोअरची नोंद. नोंद नसेल तर आजच तलाठ्याकडे अर्ज करा. विहीरच कागदावर नसेल तर भरपाई कशाची? तलाठ्याचा पंचनामा. ग्रामपंचायतीचा ठराव. तारखेसह फोटो. आधीचा एखादा चांगला अहवाल असेल तर तो सोन्याचा. जनावर दगावले असेल तर पुरण्याआधी पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन. जारच्या आणि टँकरच्या पावत्या. हाच तुमचा रोजचा खर्च आणि हाच दाव्याचा आधार.

समोरचा ‘विहीर साफ करून देतो, फक्त इथे सही करा’ म्हणाला तर सही करण्याआधी कागद पूर्ण वाचा. त्यात ‘पुढे कोणतीही तक्रार राहणार नाही’ हे वाक्य असेल तर ते खोडून घ्या. रोख चार पैसे घेऊन विषय मिटवला आणि पुढच्या हंगामात पाणी पुन्हा बिघडले, तर समोरच्याच्या हातात तुमचीच सही राहते.

ठेकेदार तुम्ही नेमा, कारखाना नेमो, की पंपमालक, पैशाची वाटणी एकच असू द्या. पहिला हप्ता जागेच्या चाचणीनंतर, दुसरा काम झाल्यावर, तिसरा तीन महिन्यांच्या अहवालावर. शेवटचा आणि सर्वात मोठा हप्ता पावसाळ्यानंतरचा, ऑक्टोबरमधला अहवाल हातात पडल्यावर. तोवर ते पाणी पिऊ नका आणि चेकबुक कपाटातच ठेवा.